अर्धा भुसा

आपला नवरा ओन्नो आळशी आहे याबद्दल थेडाची गेली बारा वर्षं खात्री होती. जर्बिलांच्या काचेच्या पेटीतला भुसा तो महिन्यातून एकदा बदलायचा आणि दर वेळी अर्धाच. उरलेला अर्धा, लेंड्यांसकट, पुन्हा आत पसरायचा. "भांडीही हा अशीच घासतो, एका बाजूने," असं ती शेजारणींसमोर म्हणायची. तो नुसता हसायचा आणि कपात खडीसाखरेचा आणखी एक खडा टाकायचा. जर्मनीतल्या एम्डनच्या गोदीत चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडलेला हा आडदांड माणूस दोन झुपकेदार शेपटीच्या उंदरांशी लाडेलाडे बोलायचा, याची तिला गंमत वाटायची. वासाची मात्र अजिबात वाटायची नाही.

मार्चमध्ये ओन्नोचा खुबा बदलला आणि त्याला व्यायामासाठी तीन आठवडे नॉर्डर्नाय बेटावरच्या आरोग्यकेंद्रात पाठवलं. बोटीत पाय ठेवला की थेडाच्या पोटात ढवळायचं, त्यामुळे ती भेटायला जाणार नव्हती. जाताना त्याने फीटे आणि हाइन या दोघा जर्बिल भावांचं सगळं लिहून ठेवलं: दाणे किती, वाळलेली अळी कधी, अंघोळीची वाळू कशी चाळायची. खाली लिहिलं होतं, 'भुशाला हात लावू नकोस, आल्यावर मी बघतो.' थेडाने ते वाचलं आणि म्हणाली, बघतोस तू!

पाचव्या दिवशी तिने पेटी रिकामी केली. तिला खरंच त्याला खूश करायचं होतं, हेही सांगायला हवं. गरम पाणी आणि व्हिनेगर घालून तिने काचा लख्ख पुसल्या, नवा भुसा आणि नवं गवत भरलं. फीटेचं पोट पिवळट दिसलं म्हणून ते साबणाच्या फडक्याने हलकेच पुसलं. मग दोघांना आत सोडलं आणि मोठ्या समाधानाने चहाला बसली.

चहा अर्धाही झाला नव्हता. हाइनने फीटेला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि त्याच्या अंगावर झेपावला. दोघांचा एकच गोळा पेटीभर लोळायला लागला. थेडाने ओव्हनचे जाड हातमोजे चढवून त्यांना सोडवलं तेव्हा फीटेची मान रक्ताने माखली होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून मान हलवली; फीटे गेला होता. मग साबणाचा वास कसा आला, ते विचारलं. थेडाने सांगितलं. हे प्राणी एकमेकांना वासाने ओळखतात, बाई म्हणाल्या, जुना भुसा ठेवतात तो त्यासाठीच. हाइनच्या लेखी पेटीत कुणी परका घुसला होता. आता हाइनला एकटं ठेवू नका, या वयात ते झुरतात. मध्ये जाळी लावून लवकर दुसरा सोबती आणा.

सोबती मिळणार होता इम्केकडे. जवळच्या आउरिश गावातल्या या इम्केने टाकून दिलेली डझनभर जर्बिलं पाळली होती आणि ओन्नोशी तिचं रोजचं बोलणं होतं. तिला कळलं की तासाभरात बेटावर कळणार. बारा वर्षं ज्याला हसलो त्यात तोच शहाणा होता, हे थेडाच्या घशाखाली उतरेना. फीटेला तिने बागेत पुरलं आणि उद्या सांगू म्हणाली.

संध्याकाळी ओन्नोचा फोन आला. "दोघं काय म्हणतात?"

"मजेत आहेत," ती म्हणाली.

"फोन काचेला लाव ना. पाय आपटतात ते ऐकव."

हाइन कोपऱ्यात पाठ करून बसला होता. थेडाने फोन टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी पुठ्ठ्याच्या नळीवर भरभर ठोकलं. पलीकडे ओन्नो इतका खुलून हसला की तिला रडू आलं. मग ते रोजचंच झालं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला आणखी आठवडाभर राहायला सुचवलं. राहू का, घरी सगळं ठीक आहे ना, असं त्याने तिला विचारलं. तोवर हाइनने सूर्यफुलाच्या बियांनाही तोंड लावणं सोडलं होतं. राहा, ती म्हणाली.

ओन्नो कुबड्या घेऊन आला तो कोटसुद्धा न काढता पेटीपाशी गेला. आत एकटा हाइन होता. थेडाने सगळं सांगितलं, साबणापासून. 

"इम्केला का नाही सांगितलंस?"

"तिने तुला सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आलो असतो मी." मग त्याने विचारलं, "आणि ते ठोकत कोण होतं?"

थेडाने टेबलावर दोन बोटं वाजवून दाखवली. ओन्नो खुर्चीत बसला. "शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ऐकवायचो मी ते," तो म्हणाला. "बघा म्हणायचो, आमच्या थेडाने कसे सांभाळलेत."

यापेक्षा त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्याने हाइनला तळहातावर घेतलं. हाडं लागत होती, केस उभे राहिले होते. तीन दिवस तो त्याला बोटावरून पेज चाटवत राहिला. गुरुवारी सकाळी हाइन गेला.

त्याच दिवशी इम्केचा फोन आला. घरी आल्या रात्री ओन्नोने कारण न सांगता तिच्याकडे एक पिल्लू मागितलं होतं. पिल्लू तयार आहे, कधी आणू? नको आणूस, ओन्नो म्हणाला, दोघंही गेले. कसे, असं तिने विचारलं असावं. थेडा चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"माझीच चूक," तो म्हणाला. "जाण्याआधी मीच सगळी पेटी धुतली. घाईत होतो. थेडाने बिचारीने खूप केलं त्यांचं."

फोन त्याच्या हातातून घ्यावा आणि खरं सांगून टाकावं असं थेडाला वाटलं. हातभर अंतर होतं. तिने किटली भरली आणि चहाचं पाणी ठेवलं.