उपाशीपोटी चार पानं

मळवलीच्या त्या बंगल्याचे मालक पावसाळ्यात मजा करायला यायचे आणि उन्हाळ्यात बोअर आटली की फिरकायचे नाहीत. "पाणी न मागणारं काहीतरी लाव," एवढं फोनवर सांगून ते मोकळे झाले. बंगल्याची राखण करणाऱ्या येसूबाईने मग कंपाउंडच्या कडेला, राडारोड्याच्या उंचवट्यावर सदाफुली लावली. दोन वर्षांत तिथे गुलाबी रान माजलं. मे महिन्यात सगळी बाग करपून जायची, ही आपली टवटवीत. शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नसत. शेळीला जेवढं कळतं तेवढं माणसाला कळत नाही, हे आमच्याकडचं जुनं दुखणं.

कारण सदाफुलीची पानं उपाशीपोटी चावली की साखर पळते, असं इथे जो तो छातीठोकपणे सांगतो. येसूबाईचा नवरा भिकाजी साखरेचाच पेशंट. दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्याचं पोट बिघडायचं. "कशाला खाता ती इखं? माझी सदाफुली हाय की," म्हणत तिने गोळ्यांची पुडी चुलीत टाकली. रोज सकाळी चार पानं धुऊन ती त्याच्या हातावर ठेवायची. बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून तो तोंड वेडंवाकडं करत चावायचा. पोट सुधारलं, तसा तिला आणखीच हुरूप चढला. शेजारची हसिना वडिलांसाठी पानं मागायला आली, तर हिने पिशवी भरून दिली आणि वर गोळ्या बंद करायचा सल्लाही दिला.

दिवाळीनंतर भात झोडताना भिकाजीच्या टाचेत काडी घुसली. दुखलं नाही, म्हणून त्याने पाहिलं नाही. वास यायला लागला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. पुण्याला नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टर ओरडले.

"म्या," भिकाजी म्हणाला. "कटाळा आला व्हता."

त्याने शिवी हासडली असती तरी येसूबाईला बरं वाटलं असतं. तिची मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही.

त्याला घरी आणलं त्याच संध्याकाळी हसिना बघायला आली. हातात पिशवी होतीच. "मावशी, जाताना थोडी पानं नेऊ का?"

येसूबाईने उठून भिकाजीच्या अंगावरची चादर ओढून बाजूला केली.

"बघ. ह्ये म्या केलंय. गोळ्या म्या चुलीत घातल्या."

"तिचं काय ऐकतीस, पोरी," भिकाजी पुटपुटला. "म्याच..."

"गप बसा तुमी!" इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर पहिल्यांदा ओरडली. "हसिना, पळ घरी. अब्बांना दवाखान्यात ने. गोळ्या चालू कर."

हसिना जागची हलली नाही.

"मावशी, अब्बांचा अंगठा काळा पडलाय," ती म्हणाली. "चार दिस झाले, पानंच वाटून बांधतेय."