एका जोडातून आत आलेली हवा

मी एक जुना काचेचा चंबू आहे, मित्रांनो. माझ्या पोटात कधीकाळी एका दूरच्या चंद्रावर असते तशी हवा भरलेली असे. आता धूळ असते.

मला घडवणारा माणूस याच प्रयोगशाळेच्या इमारतीच्या तळघरात काम करायचा. सगळे त्याला फुंक्या म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. ज्योतीवर काच मऊ झाली की तोंडातल्या रबरी नळीतून तो हळूच श्वास सोडे. अशाच एका श्वासाने माझे पोट फुगले. तळघराला खिडकी नव्हती. काच घासण्याचे यंत्र सुरू झाले की पांढरी पूड उडे आणि दिवाही धूसर दिसे. नाकातोंडाला फडके बांधावे, तर फुंकायचे कसे? तो तसाच काम करत राहिला.

त्याची मुलगी वरच्या मजल्यावर संशोधक होती. मी तिच्यासाठीच जन्मलो. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर नायट्रोजन आणि मिथेनची दाट हवा आहे. त्या हवेच्या अगदी वरच्या, विरळ थरात सूर्याचे अतिनील किरण आणि शनीकडून येणारे वेगवान कण रेणूंना फोडतात. त्या तुकड्यांवर विद्युतभार येतो, ते शेजारच्या रेणूंना ओढून घेतात, जुळत जुळत मोठे होतात आणि शेवटी नारिंगी-तपकिरी धुके होऊन खाली उतरतात. फक्त त्या दोन वायूंपासून इतके जड रेणू विरळ हवेत कसे तयार होतात, हे तिला तेच वायू माझ्यात भरून पाहायचे होते. माझ्यातून वीज गेली की मी जांभळट उजळत असे. मग काचेवर तपकिरी साय धरू लागे.

पुढे माझ्या उजव्या मानेला, काच आणि धातू जिथे जुळतात तिथे, तडा गेला. तोवर फुंक्या निवृत्त झाला होता आणि चार पावले चालला तरी त्याला धाप लागे.

"बाबा, राहू द्या. मी बाहेरून करून घेते."

"बाहेरून? का, मी मेलोय का?"

तो तळघरात आला, स्टुलावर बसला. त्याचा श्वास मध्येच तुटला, काच थरथरली, त्याने पुन्हा फुंकले. जोड तयार झाला. दिसायला तो सुरेख होता.

प्रयोगशाळेत एक रीत होती. नवा जोड झाला की आतली हवा उपसायची आणि ठिणगीची कांडी काचेवरून फिरवायची. बारीक छिद्र असेल तर ठिणगी तिथूनच आत शिरते. पण फुंक्याच्या जोडाला कांडी कोणी लावत नसे. तो मान होता त्याचा. त्या दिवशी मुलीने कांडी उचलली.

"आता मलाही ठिणगी लावणार का गं?" तो हसला. हसता हसता खोकला लागला आणि थांबेना.

तिने कांडी पुन्हा खिळ्याला अडकवली.

प्रयोग सुरू झाला. फुंक्याने आता अंथरूण धरले होते. नाकात नळी, उशाशी प्राणवायूचे नळकांडे. त्याची एकच इच्छा उरली होती: आपल्या काचेत त्या चंद्राचे धुके धरलेले पाहायचे. "धरला का रंग?" तो फोनवर विचारी.

रंग धरला होता. पण तिने ती साय तपासली, तेव्हा एकामागून एका रेणूत प्राणवायू निघाला. टायटनच्या हवेत तो जवळजवळ नाहीच. ज्या वायूवर तिचे बाबा तगले होते, तोच खोलीतल्या हवेतून माझ्यात झिरपला होता. तिने कांडी फिरवली. उजव्या मानेपाशी ठिणगी सरळ आत शिरली.

संध्याकाळी तिने मला टॉवेलात गुंडाळून घरी नेले.

"हा बघा रंग, बाबा."

त्याने काचेवर बोट फिरवले. "जोड?"

"पक्का आहे. एकदम पक्का."

"मग! सांगत नव्हतो?"

त्या आठवड्यातच तो गेला. मुलीने अहवालात लिहिले की प्रयोग बाद आहे, आणि जोड न तपासण्याची चूक तिची आहे. जोड कोणाचा होता, ते तिने लिहिले नाही. माझ्या जागी पोलादी भांडे आले आणि मला फळीवर ठेवले. माझ्या आतली साय अजून तशीच आहे. ती ना त्या चंद्राची, ना इथली.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. मला तर टॉवेलात गुंडाळून नेले होते. ज्या छातीतल्या श्वासाने मी घडलो, ती मात्र कोणी जपली नाही. खाली घासण्याचे यंत्र अजून चालते. तिथे आता नवा माणूस आहे. काल त्याच्या खोकल्याचा आवाज इथवर आला.

त्या तळघराला एक खिडकी पाडा.