काचेचा कप्पा

प्लामेनची कचरापेटी हुशार होती, यात वाद नाही. तोंडाशी काही धरलं की आतला कॅमेरा ते न्याहाळायचा, खालचा काटा वजन घ्यायचा आणि एक चिमुकली हातोडी टक् करून वाजवून बघायची. मग कागद कागदाच्या कप्प्यात, प्लास्टिक प्लास्टिकच्या, पत्र्याचा डबा पत्र्याच्या. काचेची तर तिने खास बडदास्त ठेवली होती. फुटू नयेत म्हणून बरण्या आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पन्हळींतून अलगद गादीवर उतरायच्या. शेवटी पेटी "आभारी आहे" म्हणायची, तेही प्लामेनच्या बायकोच्या, रालित्साच्या आवाजात.

"माझ्याशी ही इतकं गोड कधी बोलत नाही," प्लामेन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"तूही सांगितलेली वस्तू सांगितलेल्या जागी ठेव, मग बोलते," रालित्सा म्हणायची.

याम्बोल शहरातल्या चौदा नंबरच्या इमारतीच्या अंगणात सप्टेंबर लागताच पेटी बसवली. नगरपालिकेची अट सरळ होती: महिन्याभरात चारही कप्पे निदान अर्धे भरायला हवेत. भरले तर अशा चाळीस पेट्या करायचं काम. नाही भरले, तर प्लामेन पुन्हा परदेशी, श्टुटगार्टच्या गोदामात. तिथे त्याने सहा वर्षं काढली होती आणि मुलीला पाढे फोनवरून शिकवले होते. त्याला आता जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. हे तो कुणाला बोलला नव्हता, पण साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. त्या इमारतीत बोललेलं कुणी ऐकत नाही आणि न बोललेलं सगळ्यांना कळतं.

तीन आठवडे झाले. कागदाचा कप्पा ओसंडला, प्लास्टिकचा दोनदा रिकामा करावा लागला, पत्र्याचाही निम्म्याच्या वर गेला. काचेच्या कप्प्यात मात्र शुकशुकाट. टिचभर काचसुद्धा नाही.

प्लामेनने हातोडी बदलली. कॅमेऱ्याची भिंगं पुसली. घरून एक बरणी आणून पेटीला दाखवली. पेटीने ती टक् करून ओळखली, पन्हळीतून उतरवली आणि आभार मानले. प्लामेनने मागचं दार उघडून बरणी काढली, बाहीला पुसली आणि घरी नेऊन ठेवली. असं त्याने अकरा वेळा केलं. सगळं ठणठणीत होतं. मग बिघडलंय कुठे, म्हणून तो डोकं धरून बसला. परदेशातला कुणी असता तर त्याला पहिल्याच वेळी उमगलं असतं. पण हा पठ्ठ्या इथलाच.

पेटीला काच ओळखायला शिकवताना त्याने गावाहून आईच्या सहाशे बरण्या आणल्या होत्या. एकेकीचे फोटो काढले आणि सगळ्या परत केल्या. आईने त्या मोजून घेतल्या. दोन कमी भरल्या, तेव्हा तिने आठवडाभर त्याचा फोन उचलला नव्हता.

शेवटी रालित्सानेच विषय काढला. "प्लामेन, आपल्या पलंगाखाली काय आहे?"

"बरण्या."

"किती?"

"असतील सव्वाशे."

"मग त्यातल्या पेटीत का टाकत नाहीस?"

"खुळी की काय तू! बरण्या कुणी टाकतं का?"

एवढं बोलला आणि तो धपकन पलंगावर बसला. खाली सव्वाशे बरण्या किणकिणल्या. खिडकीबाहेर अंगणात पाच चुलींवर लाल मिरच्या भाजल्या जात होत्या, टोमॅटोचा रस रटरटत होता आणि अख्खी इमारत वर्षाची ल्युतेनित्सा, म्हणजे मिरची-टोमॅटोची चटणी, घोटत होती. ती बरण्यांतच भरायची असते. निम्मी मुलांना पाठवायची, सोफियाला, माद्रिदला, जिथे असतील तिथे, आणि पाठवताना बजावायचं की बरणी परत आली पाहिजे.

पाहणी तीन दिवसांवर आली होती. प्लामेन व्हल्कोवा बाईंकडे गेला. बाईंनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं आणि आता त्या त्याच्या जिन्यावरच्या सगळ्या घरांचा कारभार बघत होत्या. म्हणजे अजूनही तो त्यांच्याच वर्गात होता.

"बाई, प्रत्येक घरातून पाच पाच बरण्या हव्यात."

"कशाला रे?"

"पेटीत टाकायला."

बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढत, तेव्हा शाळेत मागच्या बाकापर्यंत गारठा पसरायचा. "सप्टेंबरात बरण्या टाकायच्या? ताप आलाय का तुला? तिसऱ्या मजल्यावरच्या तोत्काला एका झाकणासाठी काल अख्खा बाजार पालथा घालावा लागला!"

"नाहीतर मला परत जावं लागेल, बाई."

बाईंनी चष्मा परत चढवला.

"उसन्या देऊ," त्या म्हणाल्या. "तुझे साहेब लोक बघून गेले, की ज्याने त्याने आपापल्या उचलायच्या."

"ही फसवणूक झाली."

"माझ्या पेपरला पुढच्याच्या वहीत डोकावत होतास, तेव्हा कुठे होता हा हरिश्चंद्र?"

पाहणीच्या सकाळी अंगणात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पिशवी, प्रत्येक चेहरा सुतकी. नगरपालिकेच्या दोनेवा मॅडम एका मदतनीस कारकुनाला घेऊन आल्या. मॅडम करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या वही उघडून उभ्या राहिल्या.

पहिल्या तोत्काकाकू. त्यांनी बरणी पेटीच्या तोंडाशी धरली, पण हात काही सुटेना. पेटी ओढतेय, काकू ओढताहेत.

"सोडा हो काकू!" प्लामेन कुजबुजला.

"हळू घ्यायला सांग तिला! आईच्या वेळची आहे!"

टक्. आभारी आहे. आत बरणी घरंगळल्याचा आवाज आला आणि रांगेतून हाय निघाली. पुढचा, मग त्याच्या पुढचा. तासाभरात कप्पा काठोकाठ भरला. प्लामेनच्या कपाळावरचा घाम पुसायला रालित्साने रुमाल दिला.

"दार उघडा," मॅडम म्हणाल्या.

दार उघडलं. आत बरण्या आकारवार ओळीने बसल्या होत्या. घासूनपुसून लख्ख. प्रत्येकीला झाकण. आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून बाईंच्या टपोऱ्या अक्षरात नाव आणि मजला.

मॅडमनी एक उचलली आणि मोठ्याने वाचली, "तोत्का, तिसरा मजला, परत."

अंगणात चुलीवरच्या रसाचे बुडबुडे तेवढे ऐकू येऊ लागले. बाईंनी तोंड उघडलं, पण प्लामेनने हात वर केला.

"माझंच चुकलं, मॅडम. तीन आठवड्यांत एक बरणी पडली नाही. इथे जे कुणी टाकतच नाही, त्याच्यासाठी मी कप्पा केला. माझ्या स्वतःच्या घरात सव्वाशे आहेत, आणि मला कळलं नाही. लिहा काय लिहायचं ते." रालित्साने मान फिरवली.

मॅडमनी काही लिहिलं नाही. त्या बरणीचं झाकण फिरवून बघत होत्या.

"माझ्या तळघरात तीनशे आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही मुलं स्पेनमध्ये. नवरा गेला. दोन वर्षं मी काही भरलेलं नाही, भरू कुणासाठी? रोज वाटतं टाकाव्यात. पिशवीत घालते, फाटकापर्यंत नेते आणि परत आणते." त्यांनी बरणी जागेवर ठेवली. "हे दार बाहेरच्या माणसाला उघडता येईल का? ज्याला हवी, त्याला नेता येईल असं?"

"एक कडी लागेल," प्लामेन म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

"मग चाळीस पेट्यांना चाळीस कड्या लावा. आमच्या तक्त्यात 'टाकलेलं' एवढाच रकाना आहे, 'नेलेलं' असा मी घालून घेते."

प्लामेनने सरळ रालित्साला मिठी मारली, आणि सगळी इमारत आपापल्या बरण्यांवर तुटून पडली.

दुपारी कडी बसली. संध्याकाळी दोनेवा मॅडम गाडीभर बरण्या घेऊन आल्या. पहिली त्यांनी बराच वेळ दोन्ही हातांत धरली, घरचं कुणी परगावी धाडताना धरावं तशी, आणि मग पेटीच्या तोंडाशी नेली. टक्. बरणी पन्हळीतून आत उतरली. मॅडम दुसरी काढायला वळतात न वळतात, तोच मागे कडी वाजली. व्हल्कोवा बाईंनी दार उघडून ती बरणी काढली होती आणि त्या उजेडात धरून बघत होत्या.

"अजून आणा," त्या म्हणाल्या. "चुलीवर रस तयार आहे. आणि तुम्ही अशा उभ्या काय राहिलात? हात धुवा, ढवळायला बसा."