कुणाच्या हातून सांडलं

“पाणीच होतं हो. साधं पाणी,” काउंटरपलीकडचे म्हातारे गृहस्थ म्हणाले.

दुरुस्तीच्या दुकानदारणीने लॅपटॉप आडवा धरून हलवला. बाजूच्या फटीतून तांदळाचे चार दाणे काउंटरवर पडले.

“आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवलात.”

“दोन दिवस. ओल शोषतात म्हणे.”

“तांदूळ वाया जातात, एवढंच होतं. सांडलं तेव्हा चालू होता की बंद?”

“बंद. मंगळवारची सकाळ. कामवाली फरशी पुसत होती, तिचा धक्का लागला ग्लासला. त्याच दिवशी काढून टाकलं तिला. निष्काळजीपणा मला चालत नाही. आयुष्यभर चालला नाही.”

आवाज तिला आधीच ओळखीचा वाटला होता. या शेवटच्या वाक्याने खात्री झाली: हे तंत्रशाळेतले सर. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, पण समोरच्याच्या डोक्यावरून पाहत बोलायची सवय तीच होती. त्यामुळे तिच्या तोंडावर धुरासाठी लावलेला मास्क नसता, तरी सरांनी तिला ओळखलं नसतंच.

“यात माझं पुस्तक आहे,” सर म्हणाले. “आत्मचरित्र. सोमवारी छपाईला द्यायचंय. दुसरी प्रत नाही.”

“परवा या,” ती म्हणाली, आणि तिने पावती लिहून दिली.

पंचवीस वर्षांपूर्वी ती तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि सर विभागप्रमुख होते. नवाकोरा ऑसिलोस्कोप आला होता; त्याच्या काचेवर विजेची लाट हिरवी होऊन धावायची. सरांनी चहाचा कप त्याच्यावरच ठेवला, बोलता बोलता हात उडवला आणि कप कलंडला. खोलीत दोघंच होती. तासाभरात प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज गेला की मदतनीस मुलीने चहा सांडून यंत्र जाळलं. तिने खरं काय ते सांगून पाहिलं. विभागप्रमुखाचा शब्द एकीकडे, तेवीस वर्षांच्या हंगामी पोरीचा दुसरीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिचे वडील, अण्णा, त्याच तंत्रशाळेत स्टोअरकीपर होते. ते सरांपुढे हात जोडून उभे राहिले. तरीही नोकरी गेलीच. पुढे निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं अण्णा मागच्या फाटकाने कामावर जात. घरी ते तिला कधी काही बोलले नाहीत. आपल्यावर त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता तर अण्णांना जाऊनही आठ वर्षं झाली होती.

ती एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला राहिली, तिथे सोल्डरिंग शिकली, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. इतरांनी मेला म्हणून टाकलेला बोर्ड तिच्याकडे यायचा आणि बहुतेक वेळा जिवंत होऊन जायचा. पण भाजी चिरताना, आंघोळ करताना, सरांना काय सुनवायला हवं होतं याची वाक्यं ती घोळत राहायची. पंचवीस वर्षांत ती वाक्यं चांगलीच धारदार झाली होती.

सर गेल्यावर तिने लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. पाणी सुकताना असा डाग सोडत नाही. कीबोर्डखाली तपकिरी, चिकट थर होता, दूध-साखरेसकट. कॉफी. भिंगाखाली बोर्ड धरला तर बॅटरीच्या वाटेवर जळून पडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. बंद मशीन असं जळत नाही.

‘सापडलात,’ ती मनाशी म्हणाली.

दुपारभर ती बोर्ड स्पिरिटने घासत होती. बोर्ड काही वाचला नाही. डिस्क मात्र वाचली. ती तिने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. फायली धड आल्यात का, हे पाहायला एखादी उघडून बघायची, हा तिचा नेहमीचा शिरस्ता. ‘आत्मचरित्र अंतिम अंतिम’ ही फाइल शेवटची साठवली होती मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर मशीनवर काहीच झालेलं नव्हतं.

फाइल उघडली, आणि मग नेहमीचा शिरस्ता सोडून तिने शोधायच्या रकान्यात ‘ऑसिलोस्कोप’ हा शब्द टाकला.

पान एकशे बारा. ‘एका हलगर्जी मुलीने नव्या यंत्रावर चहा सांडला. तिचा बाप आमच्याकडेच स्टोअरकीपर होता. तो माझ्यापुढे हात जोडून रडला. पण मी बधलो नाही. शिस्त म्हणजे शिस्त.’

अण्णा रडले होते, हे तिला आज कळलं.

तिने अख्खी फाइल निवडली. पडद्यावर सगळी पानं निळी झाली. एक बटण दाबायचं आणि परवा सांगायचं, मशीन मेलं होतं, काही हाती लागलं नाही. कुणी विचारणार नव्हतं. बोट बटणावर टेकलं. मग तिच्या लक्षात आलं की हे बटण दाबलं तर पंचवीस वर्षं खोटा असलेला आळ या क्षणी खरा होईल. सरांचं काहीतरी तिच्या हातून खरंच नासलेलं असेल. एवढी मेहेरबानी तिला त्यांच्यावर करायची नव्हती.

ठरल्या दिवशी सर मुलीला घेऊन आले. मुलगी चाळिशीची, ऑफिसातून मधल्या सुट्टीत आलेली. दुकानदारणीने दोघांना बसायला स्टुलं दिली, मास्क काढला आणि भिंगाखाली बोर्ड ठेवला.

“पाणी नव्हतं, कॉफी होती,” ती मुलीला म्हणाली. “आणि मशीन चालू होतं. मंगळवारी दुपारी चारनंतर केव्हातरी सांडली.”

“सकाळी सांडलं म्हणाले होते,” मुलगी म्हणाली. “कामाच्या मावशी तर अकरालाच जातात.” तिने वडिलांकडे पाहिलं. “बाबा?”

“हिच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकत असेल,” सर म्हणाले. “पुस्तक मिळालं की नाही, तेवढं सांगा.”

“मिळालं. एका पानावर बिघाड आहे.” तिने पडदा मुलीकडे वळवला. “तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा.”

मुलीने वाचलं. ‘शिस्त म्हणजे शिस्त’पर्यंत येताना तिचा आवाज खाली गेला.

“ती हलगर्जी मुलगी म्हणजे मी,” दुकानदारीण म्हणाली. “आणि चहा यांचा होता. कपही यांचा, हातही यांचाच.”

सरांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळख काही पटली नाही.

“इतकी वर्षं झाली,” ते म्हणाले. “मला नीटसं आठवत नाही.”

“मग लिहिलंत कशाला?”

पंचवीस वर्षं घासून ठेवलेल्या वाक्यांतलं हे एकही नव्हतं. ते आपोआप आलं.

“ठीक आहे, तेवढा परिच्छेद काढून टाकतो.”

“काढायचा नाही. दुरुस्त करायचा. इथे बसून, स्वतःच्या हाताने. मगच फाइल मिळेल.”

“हा अडवणुकीचा प्रकार झाला.”

“हो, झाला,” ती म्हणाली.

सरांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी फोन कानाला लावून उभी होती. “मावशी, मी बोलतेय,” ती म्हणत होती. “नाही, तुमचं काही चुकलं नव्हतं. बाबांच्याच हातून सांडलं होतं. संध्याकाळी मी तुमच्याकडे येते.” फोन ठेवून ती म्हणाली, “लिहा बाबा. मी थांबते.”

“डुलकी लागली होती मला,” सर कुणाकडेच न पाहता म्हणाले. “हात लागला.” मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

ते एका बोटाने टाइप करत होते. तिने मदत केली नाही. मध्येच एक गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं, त्याला तिने उद्या यायला सांगितलं. ‘कप माझ्या हातून कलंडला’ एवढ्या चार शब्दांना सरांना बराच वेळ लागला. ‘दोष मी तिच्यावर ढकलला’ हे लिहून ते थांबले, कपाळ पुसलं.

“पुढे?”

“पुढे ‘तिचा बाप’ आहे तिथे नाव लिहा.”

“नाव काय त्यांचं?”

तिने अण्णांचं पूर्ण नाव सांगितलं. सरांनी अक्षर अक्षर शोधत ते लिहिलं. आडनावात वेलांटी चुकली, तिने ती पुसायला लावली. मग ते मान वर करून तिच्याकडे पाहू लागले, झालं का, असं.

“आधी ‘श्री.’ लावा,” ती म्हणाली.

सरांचं बोट बाणाच्या बटणावर गेलं. पडद्यावरची उभी रेघ आडनावावरून, मधल्या नावावरून, एकेक अक्षर मागे सरकत नावाच्या सुरुवातीला जाऊन थांबली, आणि त्यांनी तिथे जागा केली.