पुढची पात

थोरली जाऊ लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून गव्हाच्या कापणीत पुढची पात तिचीच. तिनं विळा चालवायचा आणि बाकीच्यांनी तिच्या मागं ओळ धरायची, असा शिरस्ताच पडला होता. यंदा मात्र तिची कंबर धरली होती. उकिडवं बसून सरकता सरकता गुडघ्यांची लाकडं झाली होती. तळहातावरचे फोड फुटून त्यांवर नवे आले होते. पण गहू इतका वाळला होता, की उशीर केला तर दाणा शेतातच झडला असता. म्हणून ती सकाळपासून रेटून कापत होती.

दुपार कलताना तिच्या ध्यानात आलं, आपल्या पातीचा पट्टा अरुंद होत चालला आहे. शेजारच्या पातीतली धाकटी जाऊ थोरलीच्या वाट्यातल्या चार मुठी गुपचूप कापून पुढं सरकत होती.

"माझ्या पातीत कशाला हात घालतेस?"

"विळा तिकडंच वळतो. त्याला काय सांगू?"

"विळ्याला जीभ नाही, तुला आहे."

"मग ऐका जाऊबाई. सकाळपासून कण्हताय तुम्ही. थोरले भाऊजी तिकडं लांब पेंढ्या बांधताहेत, त्यांना ऐकू जात नाही. मला जातं."

चांगलं खडसावावं असं थोरलीच्या मनात आलं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, तो आणायचा कुठून? धाकटी कापत राहिली, तिनं कापू दिलं.

दिवस मावळताना दोघी बांधाला पोचल्या. थोरली उठायला गेली ती अर्ध्यातच अडकली. धाकटीनं काखेत हात घालून तिला उभं केलं.

बांधापलीकडचा गहू अजून उभाच होता.

"उद्या पुढं तू बस," थोरली म्हणाली. "मी पेंढ्या बांधीन."

ज्या मानासाठी तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूशी हुज्जत घातली होती, तो असा सहज हातचा गेला. वाईट वाटायला हवं होतं. पण उद्या गुडघे मोडून बसायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

"पेंढ्या बांधायला काय वाकावं लागत नाही?" धाकटीनं विचारलं.

"मधूनमधून उभं तरी राहता येतं."

दोघी घराकडे निघाल्या.

"सावकाश चल गं. माझ्याच्यानं होत नाही."

"माझ्याच्यानं तरी कुठं होतंय?" धाकटी म्हणाली.