हिची गाणी

टीव्हीखालच्या फळीवर विणलेला रुमाल पांघरून बसलेला काळा डबा, तो मी. होय, मी सेटटॉप बॉक्स बोलतोय! कौतुक सगळं टीव्हीचं, आणि चित्र अडकलं की थपडा मात्र मला.

या घरी मला बाबांनी आणलं. लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. बाबा पोस्टात होते. नाव-पत्ता घातल्याशिवाय कुठलीही वस्तू ठेवणं त्यांना जमायचंच नाही. रिमोटवर एकेक अक्षर दाबत त्यांनी माझ्या चॅनेलांची नावंच बदलून टाकली. बातम्यांचं झालं ‘भांडकुदळ मंडळी’, स्वयंपाकाचं ‘बघते पण करत नाही’ आणि जुन्या गाण्यांचं ‘हिची गाणी’.

“पाहुण्यांसमोर तरी लाज ठेवा!” आई म्हणायच्या आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात पळायच्या.

मधूनमधून मी विचारायचो, ‘नवीन सॉफ्टवेअर आलंय, अपडेट करायचं का?’ एकदा बाबांनी केलं, तर सगळी नावं पुसली गेली. बिचाऱ्यांनी ती पुन्हा लिहिली. तेव्हापासून ते ‘नंतर’ दाबायचे. ते गेले, तरी आई ‘नंतर’च दाबत राहिल्या. इकडे माझी तब्येत ढासळत चालली होती. शेवटी एक दिवस एकही चॅनेल लागेना.

लेक पेनड्राइव्ह घेऊन आली. “आई, अपडेट केलं तरच चालेल हा.”

“नावं जातील ना गं?”

“जातील. त्यापेक्षा नवाच बॉक्स आणू का?”

“त्याला तरी कुठे येतात ती नावं?” आईंनी माझ्यावरच्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, “कर.”

मध्येच बटण बंद झालं तर डबा कायमचा गेला, असं लेक म्हणाली मात्र, आई भिंतीवरच्या बटणापाशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. एरवी खोलीतून निघताना दिसेल ते बटण बंद करणारी बाई ही! माझ्या पोटातलं एकेक नाव पुसलं जात होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

जागा झालो तेव्हा चित्र लख्ख होतं, पण नावं सगळी परकी होती. आईंनी चष्मा लावला. “हं, लिही,” म्हणाल्या. एकही नाव त्या विसरल्या नव्हत्या. ‘भांडकुदळ मंडळी’ लिहिताना मायलेकी पोट धरून हसल्या. गाण्यांच्या चॅनेलपाशी मात्र लेकीची बोटं थांबली.

“आई, आता ‘हिची’ कशाला? ‘माझी गाणी’ लिहू?”

“नको गं. ‘माझी’ लिहिलंस तर त्यात ते कुठे राहिले?”

लेकीने डोळे पुसले आणि अक्षरं दाबली.

आता मी थकलोय. पुढच्या अपडेटला तगेन असं वाटत नाही. मला भंगारात खुशाल द्या, माझी तक्रार नाही. फक्त नवा डबा आणलात की आईंना शेजारी बसवा आणि त्याला सगळ्यात आधी ‘हिची गाणी’ शिकवा.