जिनातून आलेली ओळ

इंग्रजीचं नाव काढू नका माझ्यासमोर. डोकं उठते.

नलू पोटात होती तवापासून आमच्या घरचे सिंदीच्या एका जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, काट्यावर कापूस मोजत होते. एकोणऐंशीची संक्रांत झाली अन् शनिवारी जिनातून कागूद आला. आत इंग्रजीची एकच ओळ. शेजारचा प्रेमदास तिथंच रुईच्या गाठी बांधे. त्यालेही तसाच कागूद.

हे गेले बापूजी गुरुजीकडे, मीही मागं. गुरुजीनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणे, "रूपराव, याचे दोन अर्थ निंगतात. एक, सोमवारपासून तू येऊ नको. दुसरा, सोमवारपासून कदाचित तुझी गरज नाई पडणार, पडली तं पडलीही."

"मंग खरा कोणता?"

"ते लिहिणाऱ्याले इचार."

माय व! मी तं कावलीच. दोन अर्थाचं लिहून काऊन राह्यले हे लोक? इथं माणसाची नोकरी हाये का गेली, तेच समजत नाई. इतवारी दिवसभर हे तो कागूद उलटापालटा करत राह्यले.

प्रेमदासनं कागदाची घडी केली अन् डगमगत्या खाटेच्या पायाखाली घातली. सोमवारी डबा घेऊन निंगाला. "वहिनी, मले कोणी तोंडानं येऊ नको म्हणलं नाई," म्हणे.

हेही निंगाले. पण काट्यावर नाई गेले, सरळ हापिसात वासुदेवराव बडेबाबूपुढं जाऊन उभे राह्यले.

"बाबूजी, याचा अर्थ काय?"

बाबूनं मानही वर केली नाई. "तुले काय समजलं?"

"येऊ नको, असं समजलं."

"मंग झालं तर. कर सही, घे हिशेब."

माझ्या भाकरी व्हायच्या आत हे परत घरी. प्रेमदासले कोणी काई इचारलं नाई. तो अजूनही गाठी बांधून राह्यला.

मी रडली, भांडलीही. "अवो, समजलं नाई म्हणाचं होतं ना! दोन अर्थ होते, दुसरा सांगाचा होता! जिभेले काय झालतं तुमच्या?"

ह्यायनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण मले तेच समजलं होतं ना व," म्हणे. "खोटं कसं बोलू?"

आता अशा माणसावर राग तरी किती धरू? पदरानं तोंड पुसलं अन् नलूले वावरवाल्या आनंदाबाईकडे पाठवलं, उद्या कापूस वेचाले बाई लागते का, इचाराले.